कोपर अडवतंय कोण? एका आखडलेल्या सांध्याचं प्रकरण

अस्थिरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या. ‘उजवं कोपर, ऑलेक्रॅनॉन फ्रॅक्चर, टेन्शन बँड वायरिंग, सहा आठवडे पूर्ण. हालचाल वाढवा.’ हाडाच्या बाजूने पाहिलं तर एवढं पुरेसं आहे. सांध्याच्या बाजूने पाहिलं तर कामाचा प्रश्न त्या चिठ्ठीत नव्हता: हालचाल वाढवायची खरी, पण ती अडवतंय कोण? आखडलेल्या कोपरात अडवणारे निरनिराळे असतात, त्यांची औषधंही निरनिराळी असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर हात सुटण्याऐवजी आणखी घट्ट होतो. या प्रकरणात वर्षभरात अडवणारा तीनदा बदलला, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

रुग्ण ४९ वर्षांच्या, शिवणकाम करणाऱ्या. उजवा हात कामाचा. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पाय घसरला आणि त्या थेट कोपराच्या टोकावर पडल्या. टेबलावर हात टेकला की जे टोकदार हाड टेकतं ते ऑलेक्रॅनॉन. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स स्नायू तिथेच येऊन चिकटतो. त्यामुळे हे हाड मोडलं की ट्रायसेप्स सुटलेला तुकडा वर ओढून घेतो, फट पडते आणि नुसत्या प्लास्टरने भागत नाही. त्यांच्या बाबतीत हेच झालं. दोन सरळ तारा हाडातून आणि एक तार इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मागून वेढून, अशी शस्त्रक्रिया झाली. कोपर वाकताना मागच्या बाजूला पडणारी ओढ या बांधणीमुळे सांध्याकडच्या बाजूला दाब बनून मोडलेले काठ एकमेकांवर बसवते, अशी त्यामागची कल्पना. कल्पना जुनी आहे आणि साध्या, दोन तुकड्यांच्या फ्रॅक्चरला आजही चालते.

अशी बांधणी करण्याचा मोठा फायदा म्हणजे कोपर लवकर हलवता येतं. इथे तो फायदा वाया गेला. टाके काढल्यावर स्लॅब, म्हणजे आधाराचं अर्धं प्लास्टर, काढून हात हळूहळू हलवायला सांगितलं होतं, पण ‘तार निसटली तर?’ या धास्तीने त्यांनी हात झोळीत ठेवला तो जवळजवळ पाचव्या आठवड्यापर्यंत. मग घरच्यांना काळजी वाटायला लागली आणि ओळखीतल्या एका ‘अनुभवी’ माणसाकडून हात दाबून सरळ करून घेण्याचे प्रकार झाले. प्रत्येक वेळी रात्रभर ठणका, दुसऱ्या दिवशी जास्त सूज, आणि हात आधीपेक्षा कमी हलणारा. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा डाव्या हाताने उजवं मनगट धरून आल्या. मोडलेल्या कोपराचे रुग्ण हात असा धरतात तेव्हा सांधा किती आखडलाय हे कळत नाही, माणूस किती घाबरलाय हे मात्र कळतं.

तपासणी

गोनिओमीटर म्हणजे सांध्याचा कोन मोजायची दोन पट्ट्यांची मोजपट्टी. तिचा मध्य कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक पट्टी खांद्याच्या टोकाकडे, दुसरी मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाकडे. पट्टी जराशी सरकली तरी चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून आठवड्याला तीन अंशांची ‘सुधारणा’ कुणी सांगितली तर मी हुरळून जात नाही, आणि तीन अंशांची घट झाली म्हणून घाबरतही नाही.

त्यांनी स्वतः हात हलवला तेव्हा सरळ होण्यात ६० अंश कमी पडत होते आणि वाकणं ९२ अंशांवर थांबत होतं. म्हणजे निरोगी कोपरात जी चाल शून्यापासून साधारण १४० अंशांपर्यंत असते, तिच्यातले जेमतेम ३२ अंश हातात. तळवा वर करणं ४० अंश, खाली करणं ६०. मी अलगद नेऊन पाहिलं तेव्हा हेच आकडे ५४ आणि ९८ झाले. इथे मोजमाप थांबवलं असतं तर नोंद झाली असती ‘सांध्याची पिशवी, म्हणजे त्याभोवतीचं आवरण, आवळलेली’ आणि त्यावर उपाय ठरला असता ताणण्याचा.

पण कोपराच्या घडीत बोट ठेवलं की बायसेप्सची, म्हणजे कोपर वाकवणाऱ्या दंडाच्या पुढच्या स्नायूची, दोरी हाताला लागते. हात सरळ न्यायला सुरुवात करण्याआधीच, नुसता माझा हात मनगटाकडे गेला तरी, ती दोरी ताठ होत होती. म्हणून त्यांना पाठीवर झोपवलं, दंडाखाली घडी करून टॉवेल दिला, खांदा पूर्ण टेकवला आणि त्यांना माझ्या तळव्यावर अगदी हलकं, वाकवण्याच्या दिशेने ढकलायला सांगितलं. पाच-सहा सेकंद ढकला, सोडा, श्वास सोडा, मग हात आपोआप जाईल तेवढा जाऊ द्या. ट्रायसेप्सला जोर पडू नये म्हणून ढकलण्याची दिशा फक्त वाकवण्याचीच. असं काही वेळ केल्यावर ती दोरी बोटाखाली सैल पडली आणि कोपर ४४ अंशांपर्यंत सरळ झालं. वाकणं १०३ वर गेलं.

याचा अर्थ असा की, सरळ होण्यातले जे ६० अंश गेलेत असं वाटत होतं, त्यांतले १६ सांध्याने धरलेलेच नव्हते. ते स्नायूंनी धरले होते. दुखेल या भीतीने स्नायू सांध्याची राखण करत होते, आणि दर वेळी कुणी जोर लावला की ती राखण आणखी पक्की होत होती.

उरलेले ४४ अंश कुणाचे, हे ठरवायला मी एक साधा प्रश्न विचारतो: हालचालीच्या टोकाला नेमकं कुठे दुखतं? सरळ करताना कोपराच्या पुढच्या बाजूला, म्हणजे जी बाजू ताणली जाते तिथे दुखलं, तर मऊ भाग आखडलेत. मागच्या बाजूला, जिथे हाड खोबणीत शिरतं तिथे टोचलं, तर हाडाला हाड किंवा मध्ये काहीतरी अडतंय. त्यांचं सरळ करतानाचं दुखणं पुढे होतं आणि टोकाला सांधा किंचित उसळी घेत होता, धाडकन थांबत नव्हता. ही चांगली खूण. वाकवताना मात्र दोन वेगळी दुखणी होती. एक मागे ताण पडल्याचं, पसरट. दुसरं अगदी बोट ठेवून दाखवण्यासारखं, कोपराच्या टोकाजवळ, जिथे तारेचं वाकवलेलं टोक कातडीखाली हाताला लागत होतं. ते टोक नोंदवहीत लिहून ठेवलं. पुढे ते कामाला आलं.

क्ष-किरण चित्रात फ्रॅक्चरची रेघ भरत होती, एक तार किंचित मागे सरकलेली होती, आणि नको त्या जागी, म्हणजे स्नायूत किंवा सांध्याच्या पुढे, हाड तयार होत असल्याची सावली नव्हती. कोपर मोडल्यावर अशी शक्यता नेहमी मनात ठेवावी लागते. विशेषतः बरी होत आलेली चाल भराभर कमी व्हायला लागली, सांधा गरम आणि लालसर झाला, तर आधी क्ष-किरण आणि मगच व्यायाम. कातडीचा रंग, घाम, तापमान दोन्ही हातांना सारखं होतं. दुखणं इजेच्या मानाने अवास्तव नव्हतं. करंगळीची संवेदना ठीक होती. खांदा मात्र डोक्याच्या वर जात नव्हता आणि मूठ पुरती वळत नव्हती. झोळीत ठेवलेल्या हाताचं हे ठरलेलंच.

कोपरच एवढं का आखडतं

कोपर एक सांधा वाटतो, पण एकाच पिशवीत तीन सांधे आहेत. दंडाच्या हाडाचे पुढच्या हाताच्या दोन हाडांशी दोन, आणि त्या दोन हाडांचा आपसातला तिसरा, जो तळवा वर-खाली करतो. म्हणून मार मागच्या टोकाला बसला तरी तळवा फिरणंही कमी होतं. शिवाय पुढच्या बाजूला ब्रॅकिआलिस हा जाड स्नायू थेट पिशवीवर पसरलेला असतो. मार लागला की त्यातही रक्त उतरतं.

रक्त आणि सूज साठली की आतला दाब वाढतो, आणि पिशवीत सर्वांत जास्त जागा कोपर साधारण ७० ते ८० अंशांत वाकलेलं असताना असते. माणूस नकळत हात त्याच स्थितीत धरतो. स्लॅबही बहुधा तिथेच जवळपास, नव्वद अंशांत, घातलेली असते. म्हणजे जिथे आराम वाटतो तिथेच सांधा बांधला जातो. कोपरतज्ज्ञ शॉन ओड्रिस्कॉल यांनी आखडण्याचे चार टप्पे सांगितले आहेत: रक्तस्राव, सूज, नवी कच्ची ऊती, आणि शेवटी तिचा चिवट वण. पहिल्या दोन टप्प्यांत सांधा हलवला तर साठलेला द्राव बाहेर पिळला जातो. चौथ्यात गेल्यावर काम महिन्यांचं होतं. आवळलेल्या पिशवीत आकुंचन पावण्याची ताकद असलेल्या पेशी, मायोफायब्रोब्लास्ट, नेहमीपेक्षा जास्त सापडतात. म्हणजे वण नुसता पडून राहत नाही, तो ओढतोही.

त्यांना हे समजावताना मी त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण घेतलं. बाहीच्या कोपराशी चुण्या असतात म्हणून हात वाकतो आणि सरळही होतो. त्या चुण्या कुणी टाके घालून शिवून टाकल्या तर कापड तेवढंच असूनही बाही अडेल. त्यावर त्यांनी लगेच विचारलं, ‘मग टाके उसवायचे की कापड ओढायचं?’ प्रश्न एवढा नेमका होता की पुढच्या सगळ्या उपचाराची भाषा तीच झाली.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पालक हटकून विचारतात. लहान मुलांचं कोपर, विशेषतः दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचं फ्रॅक्चर, प्लास्टर निघाल्यावर बहुतेक वेळा खेळता खेळताच मोकळं होतं. मुलांवरच्या चाचण्यांत नियमित फिजिओथेरपीचा टिकाऊ फायदा दिसलेला नाही. मुलाचा हात रोज दाबून सरळ करण्याची गरज नसते. मोठ्यांचं तसं नाही, आणि हे प्रकरण मोठ्यांचं आहे.

आधी काय थांबवलं

पहिल्या दिवशी मोठी बहीण बरोबर आली होती. ‘डॉक्टर, जोर लावल्याशिवाय हात सुटणार कसा? ती रडली तरी चालेल, तुम्ही सोडू नका.’ हे प्रेमानेच म्हटलं होतं. मी बहिणीचंच बोट धरून रुग्णाच्या कोपराच्या घडीत, त्या दोरीवर ठेवलं, आणि मनगट जरा खाली दाबलं. ‘लागलं का हाताला काही?’ ‘घट्ट झालं.’ ‘ताई, मी जेवढं दाबीन तेवढं हे वर ओढणार. मला त्यांच्या कोपराशी कुस्ती खेळायची नाही, कारण त्यात जिंकतो तोच स्नायू.’ त्यानंतर घरी दाबादाबी झाली नाही. या प्रकरणातला सर्वांत मोठा उपचार कोणता असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

पहिले काही आठवडे कोपराला बाहेरून जोर शून्य. पाठीवर झोपून दंड छताकडे उभा करायचा, म्हणजे खांदा नव्वद अंशांत, आणि हात वाकवून कपाळाकडे न्यायचा, फक्त गुरुत्वाकर्षणाच्या बळावर. परत वर आणताना दुसऱ्या हाताचा आधार, कारण त्या दिशेला ट्रायसेप्सला वजन उचलावं लागतं आणि बांधणीवर ओढ पडते. सरळ होण्यासाठी बसून, दंड टेबलावर, मनगट कडेबाहेर, आणि हात स्वतःच्या वजनाने खाली. हातात वजन नाही. वजन दिलं की बायसेप्स पुन्हा जागा होतो, हे पहिल्या आठवड्यात प्रत्यक्षच दिसलं. तळवा वर-खाली करताना कोपर कमरेला चिकटवून, नाहीतर फिरतो खांदा आणि माणसाला वाटतं तळवा फिरला. तळवा खाली करण्याची कमतरता खांदा बाजूला उचलून भरून काढता येते, तळवा वर करण्याची तशी भरून निघत नाही. म्हणून मी वर करण्याकडे जास्त लक्ष दिलं.

व्यायाम थोडा थोडा, दिवसातून अनेकदा. आधी कोमट शेक, नंतर सूज वाटली तर बर्फ. नियम एकच सांगितला होता: व्यायामानंतरचं वाढलेलं दुखणं तासाभरात पहिल्यासारखं व्हायला हवं आणि दुसऱ्या सकाळी सूज वाढलेली नको. वाढली तर पुढच्या दिवशी निम्मं करायचं, बंद करायचं नाही. खांदा, मनगट, बोटं यांचे व्यायाम सोबत होतेच, त्यांत विशेष काही नाही.

आठव्या आठवड्याला स्वतः केलेली हालचाल ४६ ते १०४ होती. ताणण्याचा एकही व्यायाम न करता चाल ३२ अंशांवरून ५८ वर. पहिल्या दिवशी राखण सैल पडल्यावर मिळालेली ४४ ते १०३ ही चाल आता त्यांना स्वतःहून जमत होती, एवढाच त्याचा अर्थ. पिशवी अजून होती तेवढीच आवळलेली होती.

पिशवीची पाळी

दहाव्या आठवड्याला अस्थिरोगतज्ज्ञांनी हाड जुळल्याचं सांगितलं आणि जोराचे व्यायाम करायला मोकळीक दिली. आकडे ४० ते ११०. आता दोरी सैल असतानाही सांधा त्याच जागी थांबत होता. अडवणारा बदलला होता, म्हणून उपायही बदलला.

चिवट वण झटक्याने वाढत नाही, फाटतो. फाटला की पुन्हा रक्त, पुन्हा सूज, पुन्हा वण. पण त्याला सौम्य ताणात बराच वेळ धरून ठेवलं तर तो हळूहळू सैल पडतो आणि त्याच लांबीवर बसतो. यासाठी स्क्रू फिरवून कोन वाढवता येईल असा स्प्लिंट, म्हणजे हाताला बांधायचा आधार, दिला. दिवसातून तीन वेळा, साधारण अर्धा तास. ताण जाणवेल तिथे थांबायचं, दुखेल तिथे नाही. दहा-पंधरा मिनिटांनी ताण कमी वाटला की स्क्रूचा आणखी थोडा फेरा. स्प्रिंगचा स्प्लिंट, जो सतत ढकलत राहतो, तोही मिळतो. २०१२ सालच्या एका यादृच्छिक चाचणीत या दोन प्रकारांची तुलना झाली होती आणि दोन्हींनी सारखाच फायदा झाला. मी स्क्रूचा निवडला तो एवढ्यासाठी की त्याची किल्ली रुग्णाच्या हातात राहते. ज्यांचा हात दुसऱ्याने दाबून दुखावला आहे, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

‘टाके उसवतायत,’ असं त्या स्वतःच म्हणायला लागल्या. घरी मोजायला त्यांनी गोनिओमीटर मागितला नाही. स्वतःची टेप काढली. हात पूर्ण वाकवून अंगठ्याच्या टोकापासून खांद्याच्या टोकापर्यंतचं अंतर, रोज सकाळी, कापडावर खूण करायच्या खडूने एका पुठ्ठ्यावर लिहिलेलं. ही मोजणी शास्त्रशुद्ध नसेल, पण एकाच माणसाने, एकाच टेपने, एकाच वेळी केलेली असल्याने माझ्या दर आठवड्याच्या आकड्यांशी चांगली जुळत गेली. मी नंतर इतर रुग्णांनाही ती सांगायला लागलो.

याच काळात कामाची यादी केली. रोजच्या कामांना नेमकी किती चाल लागते, हे बर्नार्ड मॉरी आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली ३३ निरोगी माणसांकडून १५ कामं करवून मोजलं होतं. त्यातून आलेला ३० ते १३० अंश, आणि तळवा दोन्हीकडे पन्नास-पन्नास, हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो. उपयोगी आहे, पण त्याला लक्ष्मणरेषा समजू नये. २०११ साली हीच मोजणी नव्या कामांसह पुन्हा झाली तेव्हा मोबाइल कानाला लावायला १४० अंशांच्या आसपास वाकणं लागतं आणि कीबोर्डवर तळवा ६५ अंश खाली न्यावा लागतो असं दिसलं. माणसाचं काम बदललं की ‘पुरेशी चाल’ही बदलते.

यांच्या कामात कापड बेतताना कात्री टेबलाच्या पलीकडच्या कडेपर्यंत न्यावी लागते, तिथे हात जवळजवळ सरळ हवा. मशीनवर कापड सरकवताना तळवा सपाट, खाली. सुईत दोरा ओवताना, गळ्याचं हुक लावताना, केस बांधताना कोपर खूप वाकलेलं. म्हणून बाराव्या आठवड्यापासून कात्री हाच व्यायाम झाला. आधी रद्दी कागद, मग पातळ कापड, मग जाड. मशीनची उंची थोडी वाढवली, खुर्ची पुढे घेतली. अर्धा तास काम, मग स्प्लिंट. कामाने मिळणारी पुनरावृत्ती कुठल्याही व्यायामाच्या तक्त्याने मिळत नाही.

सोळाव्या आठवड्याला आकडे २६ ते ११८. सरळ होणं छान चाललं होतं. वाकणं मात्र अडलं.

करंगळीतल्या मुंग्या

वाकणं वाढवायला रात्री वाकलेल्या स्थितीतला पट्टा सुरू केला होता. काही दिवसांत करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात पहाटे मुंग्या यायला लागल्या. कोपराच्या आतल्या बाजूला उंचवट्यामागून अल्नर नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) जाते. कोपर वाकलं की तिच्यावर ताण येतो आणि तिचा बोगदा अरुंद होतो. कोपर अनेक आठवडे न वाकता राहिलं की आसपासच्या वणात ती चिकटते, आणि वाकणं परत आलं की तिलाच ते सोसत नाही. अशा वेळी ‘थोडं सहन करा’ म्हणणं चुकीचं. नस पिशवीसारखी नसते, तिला सतत ताणून धरून सैल करता येत नाही.

रात्रीचा पट्टा बंद केला. वाकवण्याचे व्यायाम दिवसा, थोडा वेळ, आणि टोकाला धरून न ठेवता. नस सरकवण्याच्या हलक्या हालचाली. बोटं फाकवण्याची आणि चिमटीची ताकद दर भेटीला तपासली, कारण तिथे कमजोरी दिसली असती तर वाट न पाहता नसेची तपासणी आणि शस्त्रक्रियेचं मत घ्यावं लागलं असतं. ती दिसली नाही. महिनाभरात मुंग्या थांबल्या. या महिन्यात वाकणं एक अंशानेही वाढलं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं. मला वाटलं नाही.

सातव्या महिन्यात आकडे २० ते १२०. आता पुढे काय, असा प्रश्न अस्थिरोगतज्ज्ञांसमोर मांडला. आखडलेली पिशवी शस्त्रक्रियेने मोकळी करता येते, उघडून किंवा दुर्बिणीने, आणि साधारण सहा महिने नीट प्रयत्न करूनही चाल कामापुरती आली नाही तर तो विचार योग्य असतो. पण त्या शस्त्रक्रियेत नसेला इजा, जंतुसंसर्ग आणि पुन्हा आखडणं हे धोके असतात, आणि तिच्यानंतर आपण आतापर्यंत केलेले सगळे व्यायाम नव्याने, पहिल्या दिवसापासून करावे लागतात. सरळ होण्यातल्या २० अंशांसाठी हे करावं असं कुणालाच वाटलं नाही. कात्री टेबलाच्या कडेपर्यंत जात होती.

वाकण्याचं निराळं होतं. टोकाला गेल्यावर मागचा पसरट ताण आता नव्हताच. राहिलं होतं ते फक्त बोट ठेवून दाखवायचं, टोचणारं दुखणं, पहिल्या दिवशी नोंदवलं होतं तिथेच. कोपर वाकलं की कातडी तारेच्या टोकावर ताणली जात होती. टेबलावर कोपर टेकणंही त्या टाळत होत्या. या बांधणीत तारेचं टोक असं त्रास देणं अगदी नेहमीचं आहे, आणि हाड पक्कं जुळल्यावर तारा काढणं ही तुलनेने लहान शस्त्रक्रिया. आठव्या महिन्यात तारा काढल्या. त्याच वेळी, भूल असताना, तज्ज्ञांनी जोर न लावता कोपर वाकवून पाहिलं. ते १३० पर्यंत गेलं. म्हणजे शेवटचे दहा अंश पिशवीने धरलेले नव्हते, ते धातूने आणि त्याभोवतीच्या राखणीने धरले होते.

जखम भरल्यावर पुन्हा पहिल्या आठवड्याचेच व्यायाम, या वेळी भीतीशिवाय. वर्ष पूर्ण झालं तेव्हा आकडे होते १४ ते १३३, तळवा वर ७२, खाली ७०. मोबाइल त्या डाव्या कानाला लावतात आणि केस बांधताना मान जराशी झुकवतात. स्प्लिंट बाराव्या महिन्यात बंद केला, तोही एकदम नाही. आधी दिवसातून एकदा, मग एक दिवसाआड, आणि पुठ्ठ्यावरचं टेपचं अंतर वाढत नाही ना हे पाहत. अंतर सलग दोन आठवडे वाढलेलं दिसलं, किंवा करंगळीत पुन्हा मुंग्या आल्या, तर वाट न पाहता यायचं, असं ठरवून नियमित भेटी थांबवल्या. अजून तरी त्या आलेल्या नाहीत.